पडद्यामागून दारात या

पत्र:

सप्रेम नमस्कार. माझा प्रश्न कदाचित क्षुल्लक वाटेल. दर शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास दोन बायका आमच्या दारावर येतात. खांद्याला पिशवी, पिशवीत धर्माच्या पुस्तिका, बोलणं अगदी गोड. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पाणी दिलं, दहा मिनिटं ऐकून घेतलं, एक पुस्तिकाही घेतली. 'पुढच्या आठवड्यात बोलू या का?' असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून 'हो हो, या ना' निघून गेलं. त्याला आता चार महिने झाले. हल्ली बेल वाजली की मी टीव्हीचा आवाज बंद करते आणि पडद्यामागे उभी राहते. नवऱ्याने दोनदा दार उघडलं. एकदा तासभर वाद घातला, दुसऱ्यांदा आरडाओरडा करून त्यांना हाकललं. तरी त्या येतातच. गेल्या शनिवारी सात वर्षांच्या लेकीने विचारलं, 'आई, आपण घरी आहोत ना? मग नाही असं का दाखवतो?' मला उत्तर देता आलं नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. सासरे जाऊन वर्ष झालं. मी घरी नसताना सासूबाईंनी त्या बायकांना तीनदा आत घेतलं होतं. चादर बदलताना त्यांच्या उशीखाली पुस्तिका सापडली. नवऱ्याला कळलं तर तो घर डोक्यावर घेईल. मी काय करू?

तुमची, पडद्यामागची

उत्तर:

प्रिय ताई,

प्रश्न अजिबात क्षुल्लक नाही. स्वतःच्याच घरात, स्वतःच्या लेकीसमोर श्वास रोखून उभं राहावं लागतंय, याला क्षुल्लक कसं म्हणायचं? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी अडले. 'हो हो, या ना.' चार महिन्यांचा सगळा त्रास तिथून सुरू झालाय.

तुम्ही ते सौजन्याने बोललात, त्यांनी ते आमंत्रण समजून घेतलं. यात त्यांची काही चूक नाही. घरोघर जाऊन धर्म सांगणाऱ्यांचं काम बाहेरून वाटतं तितकं मोघम नसतं. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचंच घ्या. त्यांच्या मंडळ्या वस्तीचे भाग वाटून घेतात. कुठल्या घरी कोणी भेटलं नाही, कुठल्या घरी ऐकून घेतलं, याची नोंद ठेवतात. ज्याने रस दाखवला त्याच्याकडे परत जायचं, त्याला 'पुनर्भेट' असा शब्दच आहे. तुमच्या दारावर येणाऱ्या बायका कुठल्या पंथाच्या हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्याने माझं उत्तर बदलतही नाही. कुठल्याही पंथाचा माणूस 'या ना' ऐकून 'येऊ नका' असा अर्थ काढणार नाही. बंद दाराचा अर्थही 'नको' असा होत नाही, 'घरी कोणी नाही' एवढाच होतो. आणि घरी कोणी नसलं की पुन्हा यायचं असतं. म्हणजे तुम्ही लपता त्या प्रत्येक शनिवारी पुढच्या शनिवारची भेट तुम्हीच पक्की करून देताय.

कंटाळून यायच्या थांबतील, या आशेवरही राहू नका. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये साक्षीदारांनी दारोदार जाणं थांबवलं, तेव्हा ते अनोळखी लोकांना पत्रं लिहीत होते, फोन करत होते. १ सप्टेंबर २०२२ पासून पुन्हा दारावर यायला लागले. ज्यांनी अडीच वर्षं दम धरला, ते चार महिन्यांत दमतील असं मला वाटत नाही.

पाणी दिलंत, ऐकून घेतलंत, पुस्तिका घेतलीत, पुढच्या आठवड्याला हो म्हणालात. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर काहीच नाही. पण एका लहानशा होकारानंतर पुढचा होकार टाळणं माणसाला फार जड जातं. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या घरांवर केलेला एक प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध केला. 'गाडी जपून चालवा' असा भलामोठा, बेढब फलक अंगणात लावू द्याल का, असं थेट विचारलं तेव्हा शंभरातल्या जेमतेम सतरा जणांनी होकार दिला. ज्यांनी आधी त्याच विषयाची तीन इंचांची चिठ्ठी लावून घेतली होती, त्यांच्यातले मात्र शंभरात शहात्तर तयार झाले. तेव्हा स्वतःला बावळट समजू नका. तुमच्या जागी बहुतेक माणसं अशीच अडकतात. दारावर येणारा प्रत्येक जण हे ठरवून करतो, असंही मी म्हणणार नाही. भीड आपलीच असते. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण पैशापुरती आहे असं आपण धरून चालतो, पण भिडेपायी माणूस आपली शनिवारची सकाळही गमावून बसतो.

तुमच्या मनात एक भीती असणार: तोंडावर 'नको' म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल, एखाद्याच्या देवाचा अपमान होईल. पण नकार त्यांच्या शिकवणुकीतच धरलेला आहे. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं तेव्हाच, जिथे तुमचं ऐकून घेणार नाहीत तिथून पायाची धूळ झटकून पुढे निघा, असं सांगितलं होतं. मार्कच्या शुभवर्तमानात ते स्पष्ट लिहिलंय. तिथे दार तोडा म्हटलेलं नाही, ताटकळत बसा असंही नाही. पुढे निघा, एवढंच. बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी फिरत राहा म्हणून पाठवलं, तेव्हा दोघांनी एकाच वाटेने जाऊ नका असं बजावलं होतं, म्हणजे जास्त लोकांपर्यंत पोहोचता येईल. तबलिगी जमातीचे लोक गटाने दारोदार फिरतात, त्याला 'गश्त' म्हणतात. ते मुख्यतः आपल्याच धर्माच्या लोकांना नमाजाची आठवण द्यायला जातात आणि तिथेही सगळेच उठून सोबत निघत नाहीत. ज्याने ज्याने म्हणून अनोळखी दार वाजवलं, त्याने नकार ऐकलेला आहे. त्यांचा वेळ वाया जातो तो तुमच्या खोट्या 'हो'मुळे. चार महिने दोन बायका दर शनिवारी जिने चढून येताहेत, आज तरी भेट होईल म्हणून. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्हाला जे उद्धट वाटतंय, त्यातच त्यांचं भलं आहे, हे तुमच्या मनात पक्कं बसावं म्हणून लिहितेय.

पण 'नको' कसं म्हणायचं, यालाही फार महत्त्व आहे, आणि ते मी चुकून शिकले. माझे वडील गेले त्याच महिन्यातली गोष्ट. भर दुपारी बेल वाजली. दारात एक पोरगा उभा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात पत्रकांचा गठ्ठा, आणि त्याच्याहूनही लहान दिसणारा जोडीदार दोन पायऱ्या खाली. त्याने विचारलं, 'तुम्हाला कधी वाटतं का, की गेलेली माणसं पुन्हा भेटतील?' दर घरी तो तेच विचारत असणार. माझ्या घरी नुकतं काय झालंय हे त्याला कुठून ठाऊक असणार? पण मी त्याच्यावर अशी तुटून पडले की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. तो दचकला, हातातली पत्रकं जिन्यावर पसरली. तो खाली बसून एकेक गोळा करायला लागला आणि मी वर उभी राहून बोलतच होते. त्याचे कान लालबुंद झाले होते, ते मला अजून दिसतात. उठला, 'माफ करा, त्रास दिला' म्हणाला, आणि गेला.

पुढे अशा मुलांबद्दल वाचलं. लॅटर-डे सेंट्स चर्चची, म्हणजे ज्यांना आपण मॉर्मन म्हणतो त्यांची मुलं अठराव्या वर्षापासून या सेवेला निघू शकतात, मुलींना २०२५ पर्यंत एकोणिसाव्या वर्षापर्यंत थांबावं लागायचं. मुलं दोन वर्षं घर सोडून राहतात, मुली दीड वर्ष. पगार नाही, खर्च बहुतांशी घरच्यांचा किंवा आपल्याच मंडळीचा. फेब्रुवारी २०१९ पर्यंत त्यांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असायची, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी आठवड्याला एक ईमेल. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. त्या पोराला मी नको म्हटलं याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या तऱ्हेने म्हटलं त्याचा आहे, आणि तो जाणार नाही.

म्हणून तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांचा राग मला समजतो, पण ओरडून उपयोग होत नाही हे त्यांनी स्वतःच पाहिलंय. दारावर आलेल्या श्रद्धाळू माणसाला हिडीसफिडीस केलं की त्याची श्रद्धा हलत नाही, उलट घट्ट होते. 'माझ्या नावामुळे लोक तुमचा द्वेष करतील' हे येशूचं वाक्य त्याने आधीच वाचलेलं असतं, आणि तुम्ही ते खरं करून दाखवता. वाद घालण्याचंही तसंच. साक्षीदारांच्या दर आठवड्याच्या सभेत दारावर कसं बोलायचं याची प्रात्यक्षिकं होतात, एक जण घरमालक होतो आणि दुसरा बोलायला येणारा. इतकी तालीम करून आलेल्या माणसाशी उंबऱ्यावर तासभर हुज्जत घालायची, म्हणजे त्याला हवा असलेला तास त्याच्या हातात द्यायचा. मिस्टरांना खरोखरच धर्मचर्चेची आवड असेल तर त्यांनी त्या बायकांना रीतसर वेळ द्यावी, बसून बोलावं. पण घालवून देण्यासाठी वाद घालू नये.

दारावर 'धर्मप्रचारासाठी बेल वाजवू नये' अशी पाटी लावा, असं तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. पाटी लावण्यात गैर काही नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या स्ट्रदर्स नावाच्या गावात रात्रपाळीचे कामगार पुष्कळ होते, ते दिवसा झोपायचे. म्हणून गावाने पत्रकं वाटण्यासाठी बेल वाजवायलाच बंदी केली. १९४३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कोणाचं ऐकायचं आणि कोणाचं नाही हे गावाने ठरवायचं नाही, त्या त्या घराने ठरवायचं, असं त्या निकालाचं सार. २००२ साली त्याच राज्यातल्या स्ट्रॅटन गावाचा, दारोदार जायला परवाना घ्यायचा नियम रद्द करतानाही न्यायालयाने म्हटलं, की दारावर पाटी लावायचा आणि नको असलेल्या माणसाशी न बोलायचा हक्क घरमालकाला आहेच. घराने ठरवायचं, हे मला अगदी पटतं. पण तुमचं घर म्हणजे तुम्ही एकट्या नाही. सासूबाईंना न विचारता लावलेली पाटी ही त्यांच्याही तोंडावर लावलेली पाटी होईल.

सासूबाईंबद्दल लिहायचं म्हणूनच मी हे पत्र निवडलं.

उशीखाली पुस्तिका ठेवणारी बाई कोण असते? जिला घरात कोणाला तरी घाबरावं लागतं ती. तुम्ही त्या बायकांपासून लपता आणि सासूबाई तुमच्यापासून आणि मुलापासून लपतात. एकाच घरात दोन पडदे झालेत. वर्षापूर्वी त्यांचा जन्माचा सोबती गेला. त्यांच्याशी दिवसभरात कोण किती बोलतं, हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. तुम्ही वाईट आहात असं मला म्हणायचं नाही. तुमची नोकरी असेल, लेकीची शाळा असेल, घर चालवायचं असेल. पण कोणीतरी दोघीजणी येतात, त्यांच्यासमोर बसतात, घड्याळाकडे बघत नाहीत आणि 'कशा आहात?' असं विचारून उत्तराची वाट बघतात. यजमान गेलेल्या बाईला त्या अर्ध्या तासाची काय किंमत असते, ते जिच्यावर ती वेळ आलीय तिलाच विचारा. त्या धर्मासाठी दार उघडतात की सोबतीसाठी, हे तुम्हाला विचारल्याशिवाय कळणार नाही. कदाचित दोन्हीसाठी उघडत असतील. त्यांना त्या शिकवणुकीत खरोखरच काहीतरी सापडलं असेल, तर तोही त्यांचा हक्क आहे. त्या वयाने मोठ्या आहेत, विचार करू शकतात. त्यांचं मन ही तुमच्या नवऱ्याची मालमत्ता नाही.

याचा अर्थ डोळे मिटून घ्या असा नाही. ग्रीसमधला एक खटला मला इथे आठवतो. क्रीट बेटावरचा मिनोस कोक्किनाकिस हा व्यापारी १९३६ साली यहोवाचा साक्षीदार झाला आणि धर्म सांगितल्याबद्दल आयुष्यात साठाहून जास्त वेळा पकडला गेला. १९८६ साली तो आणि त्याची बायको एका बाईंच्या दारी गेले, बाईंनी आत घेतलं, बोलणं झालं. बाईंचा नवरा चर्चमध्ये स्तोत्रं म्हणणारा. त्याने पोलिसांना कळवलं आणि उतारवयातल्या कोक्किनाकिसला शिक्षा झाली. २५ मे १९९३ रोजी युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने ग्रीसने त्याच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग केला, असा निकाल दिला. पण त्याच निकालात न्यायालयाने एक रेषा दाखवून ठेवली. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगणं वेगळं, आणि आमिष दाखवून किंवा दुःखात, गरजेत सापडलेल्या माणसावर दबाव आणून त्याला ओढणं वेगळं. मी ती रेषा तुमच्या घरापुरती वापरेन. त्या बायका गेल्यावर सासूबाई हलक्या झालेल्या दिसतात की धास्तावलेल्या? 'अमुक केलं नाहीत तर यजमान भेटणार नाहीत' अशा तऱ्हेचं काही त्यांच्या बोलण्यात येतं का? पैसे, दागिना, कागदावर सही, यातलं काही कोणी मागितलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'घरी सांगू नका' असं त्या बायकांनी सांगितलंय का, की हे लपवणं सासूबाईंनी मनानेच केलंय? घरच्यांपासून लपवायला सांगणारा माणूस कुठल्याही धर्माचा असो, त्याला माझ्या घरात पुन्हा जागा मिळणार नाही. यातलं काहीच नसेल तर तुमच्या सासूबाईंकडे पाहुणे येतात, इतकंच झालंय. तेव्हा पाहुण्यांनी कधी, कुठे आणि किती वेळ यायचं, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो सगळ्यांनी मिळून ठरवता येतो.

मिस्टरांना हे पुस्तिकेपासून सांगायला सुरुवात करू नका. 'आई आपल्याला घाबरून वस्तू लपवायला लागल्यात, हे तुला चालतं का?' इथून सुरू करा. चिडतील. चिडू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला. आणि हे तुमच्या तोंडून कळू दे, एखाद्या शनिवारी अवचित घरी येऊन नको.

आता तुमचं स्वतःचं. बेल वाजेल तेव्हा दार उघडा. घरात एकट्या असाल तर साखळी लावूनच उघडा, ते कोणाहीसाठी योग्यच आहे. 'आत्ता घाई आहे' नको, 'नंतर बघू' नको, 'आमचं ठरलंय हो सगळं' असलंही काही नको, कारण कारण दिलं की त्यावर बोलणं वाढतं. एवढंच म्हणा: 'मी मागे तुम्हाला या म्हटलं, ती माझी चूक झाली. मला या विषयावर बोलायचं नाही. माझ्यासाठी पुन्हा येऊ नका, आणि तुमच्या वहीत तशी नोंद करून घ्या.' शेवटचं वाक्य गाळू नका. साक्षीदारांकडे तरी 'येऊ नका' म्हणणाऱ्या घरांची नोंद ठेवायची रीत आहे, आणि त्यामुळे पुढच्या वेळी दुसरीच जोडी दारात उभी राहायची शक्यता कमी होते. काही काळाने कोणी पुन्हा एकदा विचारायला आलंच, तर तेच वाक्य तशाच आवाजात. त्या पुढे बोलू लागल्या तर 'नमस्कार' म्हणून दार हळू लावा. आपटू नका.

हे करताना लेकीला शेजारी उभी करा. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देणं लागता आणि ते शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं आहे. तिला आधी सांगा, 'मला त्यांना नाही म्हणायला भीती वाटत होती, म्हणून मी लपले.' आईलाही भीती वाटते हे कळल्याने मुलांचं काही बिघडत नाही.

पण त्याआधी शुक्रवारी रात्री, मुलगी झोपली की, सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसा. ती पुस्तिका हातात घेऊन जाऊ नका. जिथे होती तिथेच राहू दे. 'त्या दोघी उद्या येतील, तुम्हाला त्यांच्याशी बोलायला आवडतं का?' असं विचारा आणि मग गप्प बसा. 'आवडतं' म्हणाल्या, तर शनिवारी दारात त्या बायकांना तुमचं वाक्य सांगून झालं की पुढे एवढंच जोडा: 'आईंना भेटायचं असेल तर त्या आत आहेत, या.' आणि 'आवडतं असं नाही गं, कोणीतरी बोलायला येतं' असं म्हणाल्या, तर लगेच उठू नका. सासऱ्यांचा विषय निघेल. निघू दे.

तुमची,
सदरलेखिका